कोत्तवलसा–किरंदुल : लोहखनिजाच्या गाड्यांचा घाटमार्ग

छत्तीसगडच्या दक्षिण टोकाला, दंतेवाडा जिल्ह्यात, बैलाडिलाची डोंगररांग उत्तर-दक्षिण पसरली आहे. तिच्या माथ्यावर हेमॅटाइट जातीचे लोहखनिज आहे. त्यात लोखंडाचे प्रमाण 65 टक्क्यांच्या पुढे जाते आणि जगातल्या उत्तम साठ्यांत त्याची गणना होते. भूवैज्ञानिकांनी या साठ्याचे 14 भाग पाडून त्यांना क्रमांक दिले आणि आजही तिथल्या खाणी नावांपेक्षा क्रमांकांनीच ओळखल्या जातात. या डोंगरापासून समुद्र रेल्वेने पावणेपाचशे किलोमीटरांच्या घरात आहे आणि मध्ये पूर्व घाट उभा आहे. खनिज समुद्रापर्यंत नेण्यासाठी 1960 च्या दशकात बांधलेला कोत्तवलसा–किरंदुल हा सुमारे 445 किलोमीटरचा रेल्वेमार्ग रेल्वेच्या लोकांत ‘केके लाइन’ म्हणून ओळखला जातो. हा मार्ग प्रवाशांसाठी किंवा गावे जोडण्यासाठी आखलेला नव्हता. तो एकाच मालासाठी आणि एकाच दिशेच्या भरलेल्या वाहतुकीसाठी आखला गेला, आणि त्याचा पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीतून उलगडतो.

बैलाडिलात लोखंड आहे हे काही 1960 साली कळले नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमथनाथ बोस यांनी एकोणिसावे शतक सरता सरता या भागाची पाहणी केली होती. 1930 च्या दशकात क्रुकशँक यांनी अधिक तपशीलवार नकाशे केले. बस्तर तेव्हा संस्थान होते. इंग्रज येण्यापूर्वी ते नागपूरकर भोसल्यांचे मांडलिक होते, आणि आजही तिथल्या हलबी बोलीत मराठी वाचकाला ओळखीचे शब्द सापडतात. पण संस्थानात रेल्वे नव्हती. उत्तरेकडून रायपूरहून धमतरीपर्यंत अरुंद रूळ आले होते, तिथून पुढे केशकालचा घाट आणि जंगल. लोहखनिज स्वस्त आणि जड असते. ते बैलगाडीने किंवा ट्रकने शेकडो किलोमीटर नेणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. त्यामुळे साठा ठाऊक असूनही अर्धशतकाहून अधिक काळ तो जागचा हलला नाही.

पूर्व किनाऱ्यावर मात्र एक महत्त्वाची घटना घडली होती. मध्य प्रांतातले, म्हणजे नागपूर, भंडारा आणि बालाघाट भागातले, मँगनीज समुद्रापर्यंत नेण्यासाठी बंगाल नागपूर रेल्वेने रायपूरहून विजयनगरमकडे पूर्व घाटातून मार्ग काढला. 1930 च्या दशकाच्या आरंभी तो पुरा झाला, आणि 1933 साली विशाखापट्टणमचे बंदर वाहतुकीला खुले झाले. या बंदराच्या सुरुवातीच्या काळातला मुख्य निर्यातमाल म्हणजे हे मँगनीज. विदर्भातल्या खनिजामुळे घडलेले हे बंदरच पुढे बैलाडिलाच्या कामी आले.

बैलाडिलाचे दार उघडले ते जपानच्या गरजेमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने पोलाद उद्योग नव्याने उभा केला. देशात लोहखनिज जवळजवळ नाही, कोळसाही पुरेसा नाही, तरी भट्ट्या समुद्रकिनाऱ्यावर बांधून कच्चा माल जहाजांनी आणायचा, असे त्यांचे धोरण होते. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी पोलाद कंपन्यांचे तज्ज्ञ भारतात येऊन खाणी पाहून गेले आणि त्यांची नजर बैलाडिलावर स्थिरावली. भारताला परकीय चलन हवे होते. खाणी चालवण्यासाठी राष्ट्रीय खनिज विकास निगम, म्हणजे एनएमडीसी, ही सरकारी कंपनी 1958 साली स्थापन झाली. 1960 च्या करारानुसार वर्षाला 20 लाख टन खनिज किरिबुरूच्या खाणीतून आणि 40 लाख टन बैलाडिलाहून जपानला जायचे होते. त्यासाठी खाण, रेल्वे आणि बंदर ही तिन्ही कामे एकदमच उभी करावी लागणार होती, कारण तिघांपैकी एक जरी मागे राहिले तरी उरलेल्या दोन्हींचा पैसा अडकून पडला असता.

रेल्वेच्या कामाला डीबीके प्रकल्प असे नाव पडले : दंडकारण्य, बोलांगीर, किरिबुरू. त्यात तीन मार्ग होते. बिमलगड–किरिबुरू आणि संबलपूर–टिटलागड हे दोन किरिबुरूच्या खनिजासाठी होते आणि कोत्तवलसा–किरंदुल हा बैलाडिलासाठी. ‘दंडकारण्य’ हे नाव त्या वेळी वर्तमानपत्रांत वेगळ्या कारणाने गाजत होते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना कोरापुट आणि बस्तरच्या जंगलात वसवण्याचा मोठा सरकारी प्रकल्प 1958 पासून तिथे चालू होता. एकाच दशकात या प्रदेशात निर्वासित, खाण आणि रेल्वे एकदम आले. तिथे आधीपासून राहणाऱ्या गोंड, माडिया, परजा आणि इतर आदिवासींचे मत यांपैकी कोणत्याही बाबतीत घेतले गेले नाही.

मार्गाचा उठाव समजून घेतल्याशिवाय इथली गाडी चालवण्याची विद्या समजत नाही. कोत्तवलसा हे हावडा–चेन्नई मुख्य मार्गावरचे, विशाखापट्टणमजवळचे स्टेशन, समुद्रसपाटीच्या थोडेच वर. तिथून मार्ग शृंगवरपुकोटामार्गे बोड्डवराला घाटाच्या पायथ्याशी येतो आणि तिथून चढ सुरू होतो. शिवलिंगपुरम, त्याडा, चिमिडीपल्ली, बोर्रा गुहालू अशी स्टेशने घेत पन्नासेक किलोमीटरांत मार्ग पाऊण किलोमीटरहून अधिक उंची गाठतो. शिमिलीगुडा स्टेशन 996 मीटर उंचीवर आहे. 2008 साली काश्मीर खोऱ्यात गाड्या धावू लागेपर्यंत भारतातल्या ब्रॉडगेजवर याहून उंच स्टेशन नव्हते. पुढे अराकूचे पठार, मग ओडिशातले कोरापुट, तिथून उतरून जयपूर (राजस्थानातले नव्हे, कोरापुट जिल्ह्यातले), मग छत्तीसगडमधले जगदलपूर, दंतेवाडा, बचेली आणि शेवटी किरंदुल.

नकाशावर पाहणाऱ्याला वाटते की खाण डोंगरावर आणि बंदर समुद्रावर, तेव्हा भरलेली गाडी आपोआप उतरत जाणार. स्वीडनमधल्या किरूना खाणीचे खनिज नॉर्वेच्या नार्विक बंदराकडे नेणाऱ्या मार्गावर बऱ्याच अंशी तसे घडते. केके लाइनवर मात्र ही सोय नाही. किरंदुलहून निघालेली भरलेली गाडी आधी खाली उतरते. दंतेवाड्याची उंची साडेतीनशे मीटरांच्या आसपास, जगदलपूरची साडेपाचशे, कोरापुट साडेआठशेच्या वर आणि शिमिलीगुडा 996. म्हणजे समुद्राकडे निघालेल्या भरलेल्या गाडीला वाटेत सहाशे मीटरांहून अधिक चढावे लागते, आणि त्यातला जयपूर ते कोरापुट हा बोगद्यांनी भरलेला तुकडा सर्वांत कठीण. हा सगळा चढ चढून गेल्यावर शिमिलीगुड्यापासून तो दीर्घ, सलग उतार येतो. चढावर ताकद कमी पडण्याची भीती आणि उतारावर वेग हाताबाहेर जाण्याची भीती, या दोन्ही एकाच फेरीत चालकाच्या वाट्याला येतात.

बांधकामात अभियंत्यांना सर्वांत जास्त त्रास दिला तो पूर्व घाटातल्या खोंडालाइट खडकाने. ताजा असताना तो कठीण असतो, पण पाऊस आणि हवा लागून झिजला की मातीसारखा भुसभुशीत होतो, आणि त्या मातीतच मोठमोठे धोंडे सुटे राहतात. अशा डोंगरात कापलेल्या कड्यांवरून पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि बोगद्याच्या तोंडाशी छत खचते. या मार्गावर 58 बोगदे आहेत आणि पुलांची तर रांगच आहे. रस्ते नव्हते, तिथे यंत्रे नेण्यासाठी आधी रस्ते करावे लागले. हिवताप तर कायमचाच सोबती होता. तरीही काम सुरू झाल्यापासून सातआठ वर्षांच्या आत, 1966 ते 1968 या काळात, मार्ग टप्प्याटप्प्याने वाहतुकीला खुला झाला. 14 क्रमांकाच्या साठ्यातून उत्पादन सुरू होऊन 1968 मध्ये बैलाडिलाचे खनिज जपानकडे जाऊ लागले. स्वतंत्र भारताच्या रेल्वे बांधकामात हे काम पहिल्या रांगेत ठेवावे लागेल. त्याची कीर्ती पुढे कोकण रेल्वेएवढी झाली नाही, याचे कारण इतकेच की या मार्गाने खनिज गेले, चाकरमानी गेले नाहीत.

मार्ग पहिल्या दिवसापासून डिझेल इंजिनांवर चालला. वाफेच्या इंजिनांना 58 बोगद्यांच्या घाटात इतके वजन ओढणे जमले नसते, आणि पाणी-कोळशाची व्यवस्था डोंगरात उभी करणे परवडलेही नसते. अमेरिकी अल्को कंपनीच्या बनावटीची आणि नंतर वाराणसीच्या कारखान्यात तयार झालेली 2,600 अश्वशक्तीची डब्ल्यूडीएम-2 इंजिने इथे आली. विशाखापट्टणमजवळ वॉल्टेअरला त्यांच्यासाठी शेड उभी राहिली. तीन-तीन इंजिने एकमेकांना केबलने जोडून पुढच्या इंजिनातला एकच चालक तिन्हींचा ताबा घेऊ शकत असे. वाफेच्या काळात प्रत्येक इंजिनावर स्वतंत्र चालक आणि फायरमन लागत आणि त्यांनी शिट्ट्यांच्या खुणांवर एकमेकांचा मेळ साधायचा असे. ती अडचण इथे मुळातच उरली नाही.

मग पाच-सहा इंजिने पुढेच जोडून कितीही लांब गाडी का ओढू नये? अडथळा इंजिनाच्या ताकदीचा नसून कपलिंगच्या मजबुतीचा असतो. चढावर संपूर्ण गाडीचे वजन पहिल्या वाघिणीच्या कपलिंगवर ताण देते. तो मर्यादेबाहेर गेला की कपलिंग तुटते आणि गाडीचे दोन तुकडे होतात. म्हणून घाटात मागच्या बाजूला बँकर इंजिन लावून गाडी ढकलण्याची पद्धत आहे. कर्जतहून खंडाळ्याकडे चढणाऱ्या गाडीच्या मागे लागणारी इंजिने महाराष्ट्रातल्या प्रवाशांना परिचित आहेत. बोरघाटाचा चढ 1:37, म्हणजे 37 मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. केके लाइनच्या घाटाचा 1:60. आकड्यात हा चढ सौम्य दिसतो, पण तो बराच अधिक लांब आहे आणि त्यावरून जाणाऱ्या गाड्या फार जड.

किती जड, ते एका गाडीच्या हिशेबावरून पाहता येते. 1980 च्या दशकात आलेल्या बॉक्स-एन जातीच्या वाघिणीचे रिकामे वजन साडेबावीस टनांच्या आसपास असते. भरल्यावर ती 81 टनांच्या जवळ जाते. अशा 58 वाघिणींचा रेक भरला की इंजिने सोडून जवळजवळ 4,700 टन होतात. 1:60 च्या उतारावर या वजनाचा साठावा भाग, म्हणजे 78 टनांच्या आसपास जोर, गाडीला सतत खाली खेचत असतो. रूळ-चाकांचे घर्षण त्यातला थोडाच भाग खाते. बाकीचा सगळा जोर तासन् तास ब्रेकांनी पेलायचा असतो. उलट दिशेने येणारा रिकामा रेक 1,300 टनांचा. तोच घाट तो सहज चढतो. इंजिनांची संख्या मात्र परतीच्या प्रवासात कमी होत नाही, कारण तीच इंजिने पुन्हा भरलेली गाडी आणायला खाणीवर पोचवायची असतात.

लोहखनिज कोळशाहून कितीतरी जड असल्याने उंच वाघीण काठोकाठ भरता येत नाही. वजनाची मर्यादा निम्म्यावरच गाठली जाते. वाघिणीत डोकावले तर तांबूस-काळसर खनिजाचा ढीग तळाशी बसलेला दिसतो आणि वरच्या भिंती रिकाम्या. म्हणून पुढे बॉय या जातीच्या, कमी उंचीच्या वाघिणी खास या मालासाठी बनवल्या गेल्या. खाणीवर खनिज फोडून, चाळून, मोठे तुकडे आणि बारीक चुरा वेगळे केले जातात. पट्ट्यांवरून ते डोंगराखालच्या साठ्यात येते आणि तिथून यंत्राने वाघिणींत पडते. भार सारखा पसरला आहे ना, हे भरतानाच पाहावे लागते. एका बाजूला झुकलेली वाघीण घाटातल्या वळणावर रुळावरून उतरण्याचा धोका असतो.

ब्रेकांचा इतिहास हा या मार्गाच्या इतिहासाचा गाभा आहे. मार्ग सुरू झाला तेव्हा भारतातल्या मालगाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक असत. गाडीभर जाणाऱ्या नळीतली हवा काढून पोकळी राखायची आणि ब्रेक लावायचा असेल तेव्हा हवा आत सोडायची, अशी ती पद्धत. लांब गाडीत शेवटच्या वाघिणीपर्यंत पोकळी नीट तयार होत नाही आणि ब्रेक लागायला व सुटायला वेळ लागतो. त्यामुळे पुढचे ब्रेक लागलेले आणि मागच्या वाघिणी अजून धक्का देत येणाऱ्या, अशी स्थिती होते. एअर ब्रेकने हे बदलले. त्यात नळीतली हवा चौरस सेंटिमीटरला 5 किलो इतक्या दाबाखाली असते. दाब कमी केला की प्रत्येक वाघिणीखालच्या टाकीतली साठवलेली हवा ब्रेक दाबते. नळी तुटली किंवा गाडीचे दोन भाग झाले तर दाब आपोआप उतरतो आणि दोन्ही भाग थांबतात.

या पद्धतीतही एक सापळा आहे, आणि घाटातल्या चालकाचे कसब तिथेच लागते. ब्रेक लावून सोडला की टाकी पुन्हा भरायला वेळ लागतो. उतारावर चालकाने घाईघाईने ब्रेक लावला, सोडला, पुन्हा लावला असे केले तर प्रत्येक वेळी टाकीतली हवा कमी होत जाते आणि चौथ्या-पाचव्या वेळी दाबायला हवाच उरत नाही. गाडी तेव्हा 78 टनांच्या जोराने धावू लागते आणि थांबवायला काहीही नसते. दुसरा धोका उष्णतेचा. ओतीव लोखंडाचे ब्लॉक सतत चाकावर घासत राहिले तर चाक तापते, त्याला भेगा पडतात, क्वचित ते फुटते. म्हणून चालक हवेचा ब्रेक शक्य तितका राखून ठेवतो आणि इंजिनाच्या डायनॅमिक ब्रेकवर गाडी धरतो. या ब्रेकमध्ये चाके फिरवणाऱ्या मोटारी उलट जनित्रासारख्या वापरल्या जातात. त्या वीज निर्माण करतात, आणि ती करण्यात गाडीचा जोर खर्च होतो. जुन्या इंजिनांत ही वीज इंजिनावरच्या रोधक जाळ्यांत जाळून टाकली जाई आणि पंखे ती उष्णता बाहेर फेकत. उतारावर इंजिनाच्या छतावरची हवा उन्हाच्या झळीसारखी थरथरताना दिसे. तीन-फेज तंत्राच्या नव्या इंजिनांत तीच वीज डोक्यावरच्या तारेत परत जाते आणि चढ चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी येते.

शिमिलीगुड्याच्या बाजूने उताराला लागण्यापूर्वी ब्रेक तपासल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. नळी शेवटच्या वाघिणीपर्यंत सलग आहे का, दाब तिथे पुरेसा आहे का, कोणत्या वाघिणीचा ब्रेक निकामी आहे का, हे पाहूनच गाडी सोडली जाते. मागच्या ब्रेकव्हॅनमधल्या गार्डजवळ दाबमापक असतो. गार्डांचे पद आता ट्रेन मॅनेजर झाले आहे, पण घाटात त्यांचे काम पूर्वीइतकेच जोखमीचे आहे. घाटाची सवय असलेल्या जुन्या चालकाला गाडीचा बदलता वेग मीटरवर दिसण्याआधीच कपलिंगांच्या आवाजावरून कळतो. गाडी पुढे दाबली जाते आहे की ताणली जाते आहे, हे त्याला इंजिनाच्या मागच्या खडखडाटावरून समजते. हे पुस्तकातून येत नाही. नवा चालक घाटात स्वतंत्रपणे गाडी घेण्याआधी जाणत्यांसोबत फेऱ्या करतो, तो याचसाठी.

डिझेलवर पंधरा वर्षे गेल्यावर 1980 ते 1982 दरम्यान या मार्गाचे 25,000 व्होल्टवर विद्युतीकरण झाले. यातली एक गोष्ट चमत्कारिक वाटेल. हावडा–चेन्नई मुख्य मार्गावरच्या विजेच्या तारा विशाखापट्टणमपर्यंत पोचायला अजून बरीच वर्षे होती. त्यामुळे केके लाइन हे विद्युत रेल्वेचे एक बेट होते. तिची विजेची इंजिने त्या बेटाबाहेर स्वतःच्या जोरावर कुठेही जाऊ शकत नव्हती. याच बेटावर 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात एक मोठा प्रयोग झाला. स्वीडनच्या आसिया आणि जपानच्या हिताची कंपन्यांकडून डब्ल्यूएजी-6 मालिकेची 18 इंजिने आणली गेली. सहा-सहाचे तीन प्रकार होते आणि प्रत्येकाची ताकद सहा हजार अश्वशक्तीच्या वर. थायरिस्टर तंत्राची ही भारतातली महत्त्वाची चाचणी होती आणि तिच्यासाठी देशातला सर्वांत कसोटीचा मार्ग म्हणून हाच निवडला गेला. पुढे भारतीय रेल्वेने तीन-फेज तंत्र स्वीकारले. ही 18 इंजिने एकाकीच राहिली, सुटे भाग मिळेनासे झाले आणि ती निवृत्त झाली. रोजचे ओझे वाहिले ते चित्तरंजनच्या साध्या डब्ल्यूएजी-5 इंजिनांनी, बहुधा तीन-तीनच्या जोडणीत.

विशाखापट्टणमला गाडी पोचल्यावर वाघिणी टिपलरवर जातात. टिपलर वाघिणीला घट्ट पकडून कुशीवर उलटी करतो आणि सगळा माल खाली पडतो. तिथून तो पट्ट्यांनी साठ्यात आणि साठ्यातून जहाजात जातो. सुरुवातीला जहाजे आतल्या बंदरात लागत, आणि तिथे फार मोठी जहाजे येऊ शकत नव्हती. याचा फटका लवकरच बसला. 1966 साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागातून हॅमर्सली कंपनीच्या खनिजगाड्या सुरू झाल्या. तिथले बंदर आणि गाड्या जपानसाठीच, पण अधिक मोठ्या मापाने उभ्या केल्या होत्या. मोठ्या जहाजात टनामागे भाडे कमी पडते. या स्पर्धेत टिकायचे तर विशाखापट्टणमलाही मोठी जहाजे आणणे भाग होते. म्हणून समुद्रात बांध घालून बाह्य बंदर बांधले गेले आणि 1976 च्या अखेरीस एक लाख टनांची जहाजे तिथे लागू लागली. 1977 मध्ये 5 क्रमांकाचा आणि 1987 मध्ये 11-सी हा साठा सुरू झाला, तेव्हा मार्गावरच्या गाड्यांची संख्या आणखी वाढली.

ही वाढ एकेरी मार्गावर झाली, आणि एकेरी मार्गावर गाड्यांची संख्या ठरते ती स्टेशनांतल्या अंतरावरून. समोरासमोरच्या दोन गाड्यांपैकी एकीने लूप लाइनवर थांबायचे असते. घाटात भरलेली गाडी उतारावर थांबवणे आणि चढावर पुन्हा सुरू करणे दोन्ही कठीण, त्यामुळे रिकाम्या रेकला थांबवण्याकडे कल असतो. तोच नियम प्रवासी गाडीलाही अनेकदा लागतो. किरंदुलची पॅसेंजर ही दीर्घकाळ या भागातल्या लोकांची एकमेव गाडी होती. अराकूच्या बाजाराला भाजी-सुंठ-हळद नेणाऱ्या बायका, दंतेवाड्याहून दवाखान्यासाठी विशाखापट्टणमला निघालेली माणसे, खाणीवरचे मजूर, सगळे याच गाडीत. खनिजाच्या गाडीसाठी ती तासभर थांबली तरी तक्रार ऐकणारे कुणी नव्हते. 2017 साली अराकूपर्यंत काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा जोडला गेला आणि पर्यटक वाढले. बस्तरच्या प्रवाशाच्या वेळापत्रकात त्याने फारसा फरक पडला नाही.

खाणीजवळच्या लोकांनी या व्यवस्थेची किंमत दुसऱ्या मार्गांनीही मोजली. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात यांत्रिकीकरण वाढले आणि हातांनी खनिज फोडणाऱ्या हजारो कंत्राटी मजुरांचे काम गेले. एप्रिल 1978 मध्ये किरंदुलला त्यांच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि मजूर मारले गेले. खनिज धुतलेल्या पाण्याने शंखिनी नदी कित्येक वर्षे तांबडी वाहिली. दंतेवाड्यात दंतेश्वरीच्या देवळाजवळ शंखिनी-डंकिनीचा संगम आहे. तिथे दोन नद्यांच्या पाण्यातला रंगाचा फरक उघड्या डोळ्यांना दिसत असे. निर्यातीच्या आकड्यांत या दोन गोष्टी कधीच येत नाहीत. म्हणून इतिहासात त्या नोंदवणे आवश्यक आहे.

1990 च्या दशकात मालाची दिशा बदलू लागली. विशाखापट्टणमचा पोलाद कारखाना सुरू झाल्यावर बैलाडिलाचे खनिज बंदरावर न जाता तिथल्या भट्ट्यांत जाऊ लागले. कोरापुटहून रायगडाकडे नवा मार्ग झाला, त्यामुळे गाड्यांना शिमिलीगुड्यापासूनचा मोठा उतार टाळून रायपूर-विजयनगरम मार्गाला मिळण्याची दुसरी वाट सापडली. बारीक चुऱ्यासाठी तर रेल्वेलाच पर्याय आला. पाण्यात मिसळलेले खनिज बैलाडिलाहून विशाखापट्टणमपर्यंत 267 किलोमीटर लांबीच्या नळातून नेण्याची सोय एका खाजगी कंपनीने 2000 च्या दशकात केली. ऑक्टोबर 2023 मध्ये जगदलपूरजवळ नगरनारचा पोलाद कारखाना औपचारिकपणे सुरू झाला, आणि बैलाडिलाच्या खनिजाला प्रथमच बस्तरमध्येच मोठे गिऱ्हाईक मिळाले.

2000 च्या दशकात मार्गावर माओवाद्यांचे हल्ले वाढले. रूळ जोडणाऱ्या पट्ट्या काढून गाडी उतरवणे ही त्यांची नेहमीची पद्धत होती. दंतेवाडा ते बचेली दरम्यान, विशेषतः कमालूर-भांसीच्या भागात, खनिजाच्या गाड्या वारंवार रुळांवरून उतरल्या. नळाचीही मोडतोड झाली. माओवाद्यांच्या बंदच्या आठवड्यांत पॅसेंजर दंतेवाड्याच्या अलीकडेच थांबवण्याचा प्रघात पडला आणि मालगाड्या सावध वेगाने चालवाव्या लागल्या. पुढे काय असेल ते ठाऊक नसताना अंधारात 4,700 टनांची गाडी जंगलातून नेणारे चालक आणि रोज पायी रूळ तपासणारे ट्रॅकमन यांच्या धैर्याची जाहीर दखल फारशी कुणी घेतली नाही. घाटात पावसाचा धोका तर दरवर्षीचा. सप्टेंबर 2023 मध्ये कोरापुट-जयपूर टप्प्यात मनबार आणि जरती या स्टेशनांदरम्यान मोठी दरड कोसळली आणि मार्ग बरेच दिवस बंद राहिला. खोंडालाइटच्या मातीने 1960 च्या दशकातल्या अभियंत्यांना दिलेला त्रास अजून संपलेला नाही.

आता मार्गाचे दुपदरीकरण चालू आहे. जगदलपूर ते किरंदुल या सुमारे 150 किलोमीटरच्या टप्प्याचा खर्च खाण चालवणाऱ्या एनएमडीसीने उचलला. कोत्तवलसा ते कोरापुट आणि कोरापुट ते जगदलपूर या घाटाच्या टप्प्यांत नवे बोगदे आणि पूल बांधले जात आहेत. खनिजवाहतुकीचा असाच प्रश्न महाराष्ट्रातही आहे. बैलाडिलाच्या वायव्येला, इंद्रावतीपलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात सुरजागडच्या डोंगरावरही लोहखनिज आहे. ते मोठ्या प्रमाणावर काढायला सुरुवात झाली तेव्हा तिथे रेल्वे नव्हती. एटापल्ली आणि आलापल्लीच्या रस्त्यांवरून ट्रकांच्या रांगा गेल्या. रस्ते फुटले, अपघात झाले, गावकऱ्यांनी आंदोलने केली. वडसा ते गडचिरोली हा 52 किलोमीटरचा रेल्वेमार्ग बांधला जात आहे. तो सुरजागडपर्यंत वाढवायचा झाल्यास केके लाइनचा अनुभव महाराष्ट्राच्या हाताशी आहे. गडचिरोलीच्या आराखड्यात प्रवासी गाडीसाठी आणि स्थानिकांच्या मालासाठी पहिल्याच दिवसापासून वेळापत्रकात जागा राखून ठेवली गेली पाहिजे, आणि ती मागणी मार्ग आखला जात असतानाच करावी लागेल.